टुबा आणि त्याची पेटी एकत्रच घडवा: वाद्यकारखानदारांना सोलापूरच्या बँडवाल्यांचे खुले पत्र

प्रति,
टुबा, सूसाफोन व इतर पितळी वाद्ये बनवणारे कारखानदार, या वाद्यांच्या पेट्या बनवणारे कारागीर आणि ती महाराष्ट्रात विकणारे सर्व व्यापारी यांस,

विषय: टुबाच्या व पेटीच्या रचनेतील दोष, आणि सुटे भाग मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.

यंदाच्या लग्नसराईसाठी वाद्यांची मागणी नोंदवताना सोलापुरातल्या बँडवाल्यांना बहुतेक ठिकाणांहून एकच उत्तर आले. टुबाच्या, म्हणजे बँडमध्ये खालचा सूर धरणाऱ्या मोठ्या पितळी वाद्याच्या, किमतीत आता पेटी धरलेली नाही, हवी असेल तर बाजारातून वेगळी घ्या. कोणत्या मापाची घ्यायची, हे मात्र कोणी सांगत नाही. जोडीला दुसरा निर्णय कळला: बोटाने दाबायचा पिस्टन सुटा मिळणार नाही, बदलायचा तर तिन्ही पिस्टनांचा संच केसिंगसकट, म्हणजे ते ज्यांत सरकतात त्या नळकांड्यांसकट, घ्यावा लागेल. हे दोन्ही निर्णय आम्हाला मान्य नाहीत. का मान्य नाहीत, ते ज्यांचे पोट बँडवर आहे त्यांना आणि जे दारात बँड बोलावतात त्यांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत.

लिहिणारे आम्ही तीन प्रकारचे लोक आहोत: टुबा वाजवणारे, बँडचे मालक आणि पितळी वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर. लग्नाच्या वराती, गणपतीची मिरवणूक, संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, मधले उरूस आणि जयंत्या, असे आमचे वर्ष चालते. बँडमध्ये ट्रम्पेट एखादे कमी पडले तर बाकीचे सांभाळून घेतात. बास, म्हणजे टुबा, बंद पडला तर सांभाळायला कोणी नसते. क्लॅरिनेट आणि युफोनियम कितीही चांगले वाजले तरी खालचा सूर गेला की सगळा बँड पोकळ वाटतो. आणि पितळी वाद्यांत सर्वांत महाग, सर्वांत अवजड आणि सर्वांत लवकर ठेचले जाणारे वाद्य हेच आहे. हंगामात ते आठवडाभर दुरुस्तीत पडले तर वाजवणाऱ्याची सुपारीची कमाई जाते आणि मालकाला भाड्याने दुसरे आणावे लागते.

बी-फ्लॅट टुबाची, म्हणजे काळी पाचच्या टुबाची, नळी सरळ उलगडली तर व्हॉल्व्हच्या (पिस्टन दाबल्यावर जोडल्या जाणाऱ्या) नळ्या सोडून साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट भरते. पूर्ण आकाराच्या वाद्याचे वजन 9 ते 11 किलो, खांद्यावर घालून वाजवायच्या पितळी सूसाफोनचे 12 ते 15 किलो. पत्रा मात्र बेलच्या, म्हणजे आवाज बाहेर पडतो त्या रुंद तोंडाच्या, भागात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एवढे वजन आणि एवढा पातळ पत्रा, म्हणून रचनेतली लहानशी चूकही या वाद्यात मोठी होऊन बाहेर पडते.

सुरापासून सुरुवात करतो, कारण बेसूर टुबाला कितीही पॉलिश केले तरी तो बेसूरच.

तीन व्हॉल्व्हच्या वाद्यात दुसरा व्हॉल्व्ह एक पट्टी उतरवतो, पहिला दोन, तिसरा तीन. एकेकटे दाबले तर हिशेब जुळतो. पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की जुळत नाही, कारण पहिल्याने नळी आधीच लांब केलेली असते आणि त्या लांबलेल्या नळीला तिसऱ्याची लांबी अपुरी पडते. साडेपाच मीटरच्या वाद्यात ही तूट सुमारे 13 सेंटिमीटरची होते. तिन्ही एकत्र दाबले तर सुमारे 24 सेंटिमीटर, आणि सूर अर्ध्या पट्टीहून जास्त चढा लागतो. ही अडचण नवी नाही. तीवरचे उपायही जुनेच आहेत: चौथा व्हॉल्व्ह, किंवा डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 मध्ये काढलेली भरपाईची योजना, जिच्यात व्हॉल्व्ह एकत्र दाबले की जादा नळी आपोआप जोडली जाते. भरपाईची योजना महाग पडते आणि वजन वाढवते, हे आम्ही जाणतो, म्हणून ती मागत नाही. पण तीनच व्हॉल्व्ह देणार असाल तर पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे ओढून लांब करता येणारी नळी, वरच्या बाजूला, डाव्या हाताला वाजवताना सहज पोचेल अशी द्या आणि तिला कडी द्या. वादक ती सूर लावताना ओढतो आणि सोडतो, आणि बरीचशी तूट तिथेच भरून निघते. आपल्या बहुतेक मॉडेलांत ही स्लाइड आधारदांड्यांच्या मागे अडकवलेली असते आणि इतकी घट्ट असते की ओढायला दोन्ही हात लागतात. फुंकीने आत साठणाऱ्या पाण्याच्या बाबतीतही हेच. पाणी जिथे साठते त्या प्रत्येक सखल वाकावर पाणी सोडायची की (झडप) हवी, आणि तिसऱ्या व्हॉल्व्हच्या वळणावर तर हवीच. एकच की दिली की गाण्याच्या मधोमध बासमधून गुळगुळ येऊ लागते. त्या कीखाली बुचाची चकती नको. सोलापूरच्या उन्हात बूच वाळून आकसते आणि हवा गळते. सिलिकॉनची किंवा निओप्रीनची चकती द्या. ती पैशांत मोजण्याइतकीही महाग नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे. मे महिन्यात इथे पारा 42-43 अंशांना टेकतो, आणि जानेवारीतल्या पहाटे 15-16 अंशांपर्यंत उतरतो. हवा तापली की तिच्यात आवाज वेगाने जातो आणि फुंकवाद्याचा सूर चढतो. 25 अंशांना लावलेले वाद्य 42 अंशांना हिशेबाने जवळजवळ अर्धी पट्टी चढते. फुंकीच्या हवेमुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण कानाला खुपेल एवढा राहतोच. पूर्वी सगळा बँडच एकत्र चढायचा, त्यामुळे चालून जायचे. आता गाडीवर कीबोर्ड असतो, आणि त्याचा सूर उन्हाने हलत नाही. मग टुबा उतरवण्यासाठी मुख्य स्लाइड ओढावी लागते. हिशेबाने नळी 15 सेंटिमीटरने लांब व्हायला हवी, स्लाइडचे पाय दोन असतात म्हणून प्रत्येक पाय साडेसात सेंटिमीटर बाहेर. आपल्याकडून येणाऱ्या स्लाइडी पाच सेंटिमीटर ओढल्या की डगडगायला लागतात आणि कधी हातात येतात. स्लाइड दहा सेंटिमीटर बाहेर काढल्यावरही तिचे किमान तीन सेंटिमीटर आत राहतील, एवढे लांब पाय द्या. उलट बाजूने, ती पूर्ण आत ढकलल्यावर वाद्य थोडे चढे लागले पाहिजे, नाहीतर यात्रेच्या पहाटे सूर गाठताच येत नाही. वाद्य कोणत्या तापमानाला, किती स्लाइड ओढून 440 च्या प्रमाण सुराला लागते, हे कारखान्यात तपासून कागदावर लिहून पाठवा.

आता मोडतोड. पिस्टन आणि केसिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते, केसाच्या जाडीपेक्षा कमी. त्यामुळे पिस्टन अडकला की वाजवणारे तेल घालत राहतात, आणि दोष बहुतेक वेळा भलतीकडेच असतो. तिसऱ्या व्हॉल्व्हच्या लांब स्लाइडला बाहेरून धक्का बसला, तर तो नळीतून थेट केसिंगवर जातो. केसिंग डोळ्याला दिसणार नाही एवढे चेपते आणि पिस्टन खालच्या टोकाला घासू लागतो. याला उपाय म्हणजे ती स्लाइड केसिंगवर लटकत न ठेवता शेजारच्या जाड नळीला आधारदांडीने बांधणे. दांडीची टाच मात्र रुंद हवी. आपल्या दांड्यांची टाच करंगळीच्या नखाएवढी असते. तिच्यावर भार आला की सोल्डर सुटत नाही, टाचेखालचा पत्राच फाटून येतो. सुटलेला जोड पुन्हा झाळता येतो. फाटलेल्या पत्र्याला ठिगळ लावावे लागते आणि आतला आकार बिघडतो. टाच नळीच्या गोलाईला धरून वाकवलेली आणि निदान चार सेंटिमीटर लांब असावी. पट्ट्याच्या कड्यांचेही असेच आहे. उभ्या टुबाचे दहा किलो वजन दोन-तीन तास ज्या कडीवर लोंबते, ती कडी नुसत्या नळीवर चिकटवू नका, खाली पत्र्याची पट्टी द्या. आणि कड्या वाद्याच्या तोलापेक्षा वरच्या बाजूला लावा. तोलाच्या खाली लावल्या तर वाद्य सतत पुढे कलंडते, आणि वादकाचा डावा हात वाजवायला मोकळा राहण्याऐवजी वाद्य धरण्यातच गुंततो.

तळाच्या वाकाला जाड पत्र्याची ढाल हवी. वरात थांबली की टुबा तिथेच डांबरावर टेकवला जातो, हे बंद होणार नाही. बेलच्या काठात गुंडाळलेली तार लोखंडाची नको. ती आतून गंजली की फुगते, आणि काठ बाहेरून तडकतो.

लीडपाइप, म्हणजे माउथपीस बसते ती पहिली नळी, सर्वांत आधी सडते. थुंकीने पितळातले जस्त विरघळते, पत्र्यावर गुलाबी ठिपके उठतात, आणि ठिपका दिसला याचा अर्थ नळी आतून पोखरली आहे. नेहमीच्या पिवळ्या पितळात जस्त 30 टक्के असते. 15 टक्के जस्ताचे तांबूस पितळ या सडण्याला कितीतरी जास्त टिकते, आणि जर्मन सिल्व्हरही चांगले टिकते. संपूर्ण वाद्याला हा खर्च नको, फक्त लीडपाइपला करा, आणि ती नळी वाद्य न उलगडता काढता-बसवता येईल अशी लावा. माउथपीसची शँक, म्हणजे वाद्यात बसणारे त्याचे टोक, हीही ठरवून द्या. अमेरिकन शँक टोकाशी साधारण 13 मिलिमीटर, युरोपियन 14 मिलिमीटर. वाद्यात एकीची जागा आणि सोबत दुसरीचे माउथपीस अशा जोड्या आमच्याकडे आल्या आहेत. मग वादक कागदाची गुंडाळी लावून काम भागवतात, आणि सूर बिघडला म्हणून बोल कारागिराला लागतो.

पेटीबद्दल सर्वांत जास्त लिहावे लागणार आहे. दुरुस्तीला येणारे बरेच पोचे वाजवताना पडलेले नसतात, पेटीत पडलेले असतात. ते ओळखता येतात. बेलचा काठ एका बाजूने सपाट झालेला असतो आणि त्याच रेषेत खाली, बेलच्या गळ्याशी, आडवी घडी पडलेली असते. पेटी बेलच्या टोकावर आपटली की काठ अडतो, मागचे दहा किलो पुढे येते आणि गळा दुमडतो. दुसरी खूण बोटांच्या बटणांची. झाकणाने दाबल्याने दांडी किंचित वाकलेली असते, आणि पिस्टन त्याच दिशेला घासतो. तिसरी खूण म्हणजे आतल्या वळणावरचा गोल, खोल पोचा. त्यात माउथपीसचा काठ बरोबर बसतो. माउथपीस पेटीत मोकळे पडलेले होते. हा पोचा सर्वांत वाईट, कारण तो अरुंद नळीत असतो. बेलवरचा मोठा पोचा सुराला फारसे नडत नाही, माउथपीसकडच्या अरुंद नळीतला छोटा पोचा नडतो, आणि तिथे हत्यार आत घालायलाही जागा नसते.

बाजारात मिळणारी पेटी एकाच मापाची असते. टुबा मात्र एका मापाचा नसतो. बेल 15 इंचांपासून 20 इंचांपर्यंत, उंची मॉडेलप्रमाणे दहा-पंधरा सेंटिमीटरने कमी-जास्त. उरलेल्या पोकळीत चिंध्या आणि जुनी चादर कोंबली जाते. म्हणून आमचे म्हणणे आहे की पेटी हा वाद्याचाच भाग आहे, आणि ज्याने वाद्याचे माप ठरवले त्यानेच पेटीचेही ठरवले पाहिजे.

चांगल्या पेटीत वाद्याचा भार तीन ठिकाणी पडतो: तळाचा वाक, बाजूची जाड वळणे आणि बेलचा गळा. तिथे पत्र्याला गोलाई असते आणि तो दाब सोसतो. बेलचा काठ कुठेही टेकता कामा नये, त्याच्या चारी बाजूंनी चार ते पाच सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. पिस्टनांच्या वर तीन सेंटिमीटर मोकळे हवेत. ही परीक्षा कोणत्याही कारखान्यात होऊ शकते. बेलच्या काठाला आणि बटणांना खडूची पूड लावा, पेटी बंद करा, 30 सेंटिमीटर उंचीवरून प्रत्येक बाजूवर आणि प्रत्येक कोपऱ्यावर सिमेंटवर टाका, मग तासभर टेम्पोतून फिरवा. उघडल्यावर अस्तरावर खडूचा गोल उमटलेला असेल तर ती पेटी विकू नका.

अस्तराखालचा स्पंज हा आमचा जुना वैताग आहे. साधा पीयू फोम उष्णता आणि दमट हवा यांनी काही वर्षांत कुजतो. आधी चिकट होतो, मग पिवळी भुकटी होऊन वाद्याला चिकटते, आणि ती पिस्टनमध्ये गेली की तेलात मिसळून राळ होते. भार पडतो तिथे बंद छिद्रांचा पॉलिएथिलिन किंवा ईव्हीए फोम वापरा. तो पाणी शोषत नाही आणि दबून बसत नाही. मऊ थर हवाच असेल तर त्यावर एक सेंटिमीटरचा पुरेसा आहे. फोम हॉट मेल्ट डिंकाने चिकटवू नका. काळ्या पेटीचा पृष्ठभाग मे महिन्याच्या उन्हात 60 अंशांच्या वर सहज जातो आणि डिंक मऊ पडतो. त्यावरूनच पुढचे मागणे: पेटी काळी का? राखाडी, बदामी, पांढरी, कोणताही फिका रंग चालेल. टेम्पोच्या टपावर दिवसभर राहणाऱ्या वस्तूला काळा रंग देणे थांबवा.

प्लायवूड वापरणार असाल तर कमर्शियल प्लाय एका वळवाच्या पावसात कडेने फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू सुटतात. आयएस 710 दर्जाचा मरीन प्लाय घ्या, किंवा एफआरपीचे (फायबरग्लासचे) कवच करा. एफआरपीला तडा गेला तर मॅट आणि रेझिन लावून तो इथेच जोडता येतो. मूठ दोन लाकडी स्क्रूंवर बसवू नका. टुबा आणि पेटी मिळून 20 ते 25 किलो होतात, आणि ते ओझे उचलताना झटका बसतो. प्रत्येक मुठीला आतून पत्र्याची पट्टी, 6 मिलिमीटरचे आरपार बोल्ट आणि नायलॉकचे (धक्क्याने न सुटणारे) नट हवेत. मुठी चार हव्यात, दोन लांब बाजूंना आणि दोन टोकांना, म्हणजे दोघांना मिळून पेटी जिन्यावरून नेता येते. आपली चाके सुटकेसची असतात, चार-पाच सेंटिमीटरची. आमच्या पेठांतल्या फरशीवर आणि खड्ड्यांत ती अडतात. मग पेटी ओढत नेली जाते, आणि चाकाचा रिव्हेट कवचासकट उपटतो. किमान दहा सेंटिमीटर व्यासाची, बेअरिंगची, बोल्टने बदलता येणारी चाके द्या. टपावर बांधण्यासाठी चार कोपऱ्यांना डी आकाराच्या कड्या द्या, नाहीतर दोरी झाकणावरून आवळली जाते आणि झाकण बटणांवर बसते. खाली बोटभर जाळी लावलेली दोन छिद्रे ठेवा, म्हणजे वाजवून ओले झालेले वाद्य आत कोंडून काळे पडणार नाही. माउथपीस, तेल आणि कापडासाठी झाकणाचा वेगळा कप्पा द्या.

एवढी पेटी सगळ्यांना परवडणार नाही, हे आम्ही कारखानदारांइतकेच जाणतो. लहान बँडला कापडी पिशवीवरच भागवावे लागते. पण तीही मापाची हवी. आणि इथे सोलापूर आपल्याला मदत करू शकते. या शहरात जाड सूत, टेरी टॉवेल आणि चादर विणणारे माग आहेत. गणवेश शिवणारे कारखाने आहेत, त्यांच्याकडे जाड कापड शिवणारी यंत्रे आणि सरावलेले हात आहेत. प्रत्येक मॉडेलचा कापायचा नमुना, म्हणजे बाह्यरेषा, बेलचा व्यास, गळ्याचा घेर, व्हॉल्व्हचा उंचवटा आणि भाराची तीन ठिकाणे एवढे एका कागदावर छापून द्या. बाहेर कॅनव्हास, मध्ये दोन सेंटिमीटरचा बंद फोम, आत टेरीचे अस्तर, आणि बेलच्या तोंडाशी कडक गोल तबकडी, अशी पिशवी आम्ही इथे शिवून घेऊ. टेरी घाम आणि पाणी टिपते आणि धुता येते. मखमल तसे धुता येत नाही. बाहेरच्या पट्ट्या पिशवीच्या तळाखालून सलग फिरवायच्या. नुसत्या वरच्या कापडावर शिवल्या की पहिल्याच हंगामात उसवतात.

सुट्या भागांबद्दल थोडक्यात. एक पिस्टन झिजला म्हणून तीन पिस्टन आणि केसिंग विकत घ्यायला लावणे हा अन्याय आहे. सर्वांत जास्त पहिला पिस्टन झिजतो, बाकीचे दोन चांगले असतात. निकेलचा मुलामा पातळ असेल तर तो सोलवटतो आणि खाली पितळ उघडे पडते. स्टेनलेस स्टील किंवा मोनेलचा (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा) पिस्टन परवडत नसेल तर मुलामा तरी जाड द्या, आणि झिजलेला पिस्टन परत घेऊन पुन्हा मुलामा देऊन घासून बसवून द्यायची सोय ठेवा. पिस्टनवरच्या फेल्टची जाडी मॉडेलप्रमाणे लिहून द्या. फेल्ट एक-दोन मिलिमीटर दबला की पिस्टनचे भोक केसिंगच्या भोकासमोर येत नाही आणि सूर दबलेला लागतो, आणि मूळ जाडी माहीत नसेल तर आम्हाला आरशाने भोक बघत अंदाजाने कापावे लागते. तळाच्या झाकणांचे आटे एकाच मॉडेलच्या दोन खेपांतही जुळत नाहीत. सूसाफोनच्या बेलला धरणारे तीन स्क्रू हरवले तर त्या आट्याचा स्क्रू सोलापुरात कुठेच मिळत नाही. तो 5 मिलिमीटरचा मेट्रिक करा, म्हणजे हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळेल, आणि पूर्ण निघून पडणार नाही असा अडकणारा करा.

हे वाद्य वाजवणाऱ्यांच्या गरजेप्रमाणेच बदलत आले आहे. 1835 मध्ये बर्लिनला वीप्रेख्त आणि मोरित्झ यांनी टुबाचे पेटंट घेतले, तेव्हा लष्करी बँडला भक्कम बास हवा होता. 1893 मध्ये अमेरिकन बँडमास्टर सूझा यांच्या सांगण्यावरून वाद्यकार जे. डब्ल्यू. पेपर यांनी पहिला सूसाफोन केला, तेव्हा बासचा आवाज सगळ्या बँडच्या वरून पसरायला हवा होता. आमची गरज उन्हाची, टेम्पोची आणि रस्त्याची आहे, आणि वाद्य ते जिथे बनते त्या मेरठहून इथे येईपर्यंत दीड हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करते.

आमच्या मागण्या अशा:

1. टुबा आणि सूसाफोन त्याच मॉडेलच्या मापाच्या पेटीसह विकावा. पेटी नको असणाऱ्याला पिशवीचा नमुना मोफत द्यावा.
2. पेटी वर सांगितलेल्या खडूच्या आणि आपटण्याच्या परीक्षेतून गेल्याशिवाय बाजारात आणू नये.
3. पिस्टन, स्प्रिंग, फेल्ट, झाकणे, पाण्याची की आणि बेलचे स्क्रू एकेक सुटे विकावेत. प्रत्येक वाद्यावर मॉडेल आणि वर्ष कोरावे, प्रत्येक पिस्टनवर त्याचा क्रमांक कोरावा.
4. मुख्य स्लाइडची लांबी, पहिल्या स्लाइडची जागा, आधारदांड्यांच्या टाचा, तळाची ढाल आणि लीडपाइपची धातू या पाच गोष्टी पुढच्या खेपेपासून बदलाव्यात.
5. शँक, आटे, फेल्टची जाडी आणि सूर लागण्याचे तापमान यांचा एक छापील कागद मराठीत प्रत्येक वाद्याबरोबर द्यावा.

या बदलांनी किंमत वाढेल. किती वाढेल ते आकड्यात कळवा. वाजवी वाढ द्यायला आम्ही तयार आहोत, कारण दुरुस्तीवर दर हंगामाला खर्च होतोच आहे.

पुढचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. त्याआधी लेखी उत्तर मिळावे. ज्यांना नमुना करायचा आहे त्यांनी एक टुबा आणि एक पेटी पाठवावी. एक हंगाम ती वरातीत वापरून, पोचे, गळती, पिस्टन आणि पेटीचे जोड यांची दर महिन्याची नोंद छायाचित्रांसह आम्ही परत पाठवू, आणि वाद्यही परत करू. उत्तर न देणाऱ्यांकडे सोलापुरातून पुढच्या हंगामाची मागणी जाणार नाही, असे आम्ही आपसांत ठरवले आहे.

आपले,
सोलापुरातील टुबावादक, बँडमालक व पितळी वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर